टायर रबरी म्हणून वीज पडत नाही म्हणे! एका फॉरवर्डचा समाचार

"मोटरहोम म्हणजे चालतंफिरतं घर, पावसापाण्याची चिंता सोडा" अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज इंदूरच्या निम्म्या मराठी ग्रुपांवर फिरून अखेर माझ्यापर्यंत आला. आला तोही सख्ख्या ताईकडून. भाच्याने पंधरा ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्टीसाठी भाड्याची मोटरहोम ठरवली आहे. बरोबर बायको, दोन पोरं आणि आमची सत्तरीतली ताई. बेत असा की चोरलच्या बाजूला नदीकाठी एक मुक्काम, मग मांडू, मग महेश्वर. मी नुसतं "पावसाचं बघून जा रे" म्हटलं, तर उत्तरादाखल हा मेसेज, आणि वर ताईची ओळ: "वाच, म्हणजे तुझी किरकिर थांबेल."

वाचला. किरकिर वाढली.

ज्यांच्याकडे अजून आला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात. मोटरहोमचे टायर रबरी असल्याने तिच्यावर वीज पडत नाही, तेव्हा गडगडाट सुरू झाला की बाजूची ऑनिंग, म्हणजे गाडीला जोडलेलं घडीचं कापडी छप्पर, उघडून खुशाल चहा घ्या. गाडी चार टनांची, पाण्याने वाहून जाणं शक्य नाही. पाऊस नसेल तर पाणी वाढत नाही, तेव्हा नदीपात्रात लावायलाही हरकत नाही. पाऊस लागलाच तर खिडक्या गच्च बंद करून आत शेगडी पेटवा, पायरीशी जनरेटर लावा. वादळांचा सीझन मेअखेर संपतो, जून ते ऑगस्ट उत्तम. यलो अलर्टकडे लक्ष देऊ नका. टॉर्नेडो दिसला तर पुलाखाली थांबा. आणि शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

विजेचंच आधी घेतो, कारण तिच्यात माझी हयात गेली. विद्युत मंडळात असताना पावसाळ्याच्या तोंडावर ११ केव्हीच्या लाइनवर वीज कोसळली की दुसऱ्या दिवशी गँग घेऊन खांबन्‌खांब तपासत जायचं. वर्षानुवर्षं अकरा हजार व्होल्ट झेलून गप्प बसलेला चिनी मातीचा इन्सुलेटर उभा चिरलेला सापडायचा. कधी चीर खालून दिसायचीच नाही. सप्लाय बंद करून लाइनमन वर चढायचा, फडक्याने इन्सुलेटर पुसायचा, बोट फिरवायचा आणि वरूनच ओरडायचा, "साहेब, गेलाय!" जी वस्तू खास वीज अडवायला बनवलेली, तिची ही गत. आणि आमच्या ताईच्या ग्रुपवरचे विद्वान टायरवर भरवसा ठेवून चहा पिणार.

अहो, हवासुद्धा विजेला अडवणारीच असते. ढगापासून जमिनीपर्यंत कित्येक किलोमीटर हवा फोडत जी खाली येते, ती शेवटच्या वीतभर रबरापाशी येऊन "अरे, इथे रबर आहे, परत जाऊ या" असं म्हणेल? एका तडाख्यातला प्रवाह साधारण तीस हजार अँपिअर असतो. शिवाय टायर निव्वळ रबर नसतो, त्यात काजळी मिसळलेली असते, आणि पावसात तो बाहेरून चिखलपाण्याने माखलेला असतो. म्हणजे अडवण्याची उरलीसुरली ऐपतही गेली.

आता जी अर्धी गोष्ट खरी आहे ती मान्य करतो, नाइलाजाने. चारी बाजूंनी पत्रा असलेली बंद गाडी वादळात खरोखरच चांगला आसरा आहे. पण तो टायरमुळे नाही, पत्र्यामुळे. वीज पत्र्याच्या बाहेरच्या अंगावरून वाहत जमिनीत जाते, आतला माणूस वाचतो. मायकेल फॅरेडेने १८३६ साली धातूच्या पिंजऱ्यात बसून हे दाखवून दिलं होतं.

आणि मोटरहोमची मेख इथेच आहे. साध्या व्हॅनचीच आतून बांधणी केली असेल तर बॉडी पत्र्याची, ठीक. पण बऱ्याच मोटरहोमना मागे जो खोका बसवलेला असतो तो फायबरचा, नाहीतर फोम आणि प्लायच्या सँडविचचा. वजन कमी, आत गारवा, दिसायला झकास, आणि विजेच्या बाबतीत भरवशाला शून्य. छत वर उचलून कापडी तंबू होणारी जात तर सोडूनच द्या. तेव्हा भाडेवाल्याला पहिला प्रश्न "आत टीव्ही आहे का" हा नसावा. "बॉडी पत्र्याची की फायबरची" हा असावा. फायबरची असेल तर गडगडाट ऐकू येताच पक्क्या इमारतीत जायचं, ढाबा असो की पेट्रोल पंपाचं ऑफिस. नुसत्या पंपाच्या छपराखाली नव्हे. पत्र्याची असेल तर काचा वर, दारं बंद, मोबाइल चार्जरवरून काढलेला, आणि बाहेरच्या खांबावरून वीज घेतली असेल तर ती केबल वादळ यायच्या आधीच उपटलेली. एकदा कडाडायला लागलं की केबलला हात लावायचा नाही.

ऑनिंगखाली बसणारा माणूस गाडीत नसतो, गाडीबाहेर असतो. त्याच्या डोक्यावर कापड आणि बाजूला ॲल्युमिनियमचे दांडे. एक पाय जमिनीवर आणि हात गाडीच्या दाराला, अशा अवस्थेत उतरणं तर त्याहून वाईट, कारण तेव्हा गाडी आणि जमीन यांच्यामधली वाट म्हणजे आपण स्वतः. सावलीला झाड बघून गाडी लावणारेही याच रांगेतले.

हे सगळं म्हाताऱ्याची भीती म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी एकच आकडा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या २०२२ सालच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात देशभर वीज पडून २,८८७ माणसं गेल्याची नोंद आहे. राज्यांत पहिला नंबर कोणाचा? आपला, मध्य प्रदेशचा. ४९६. इंदूर स्वच्छतेत पहिलं आलं की आपण पोहे-जिलबी वाटतो. हा पहिला नंबर कुणाच्या लक्षातही नाही. गेलेल्यांत मोटरहोमवाले नसतील, शेतात राबणारे आणि झाडाखाली उभे राहिलेलेच बहुतेक असतील, हे मला कळतं. पण ऑनिंग उघडून माळावर बसणारा माणूस आपणहून त्यांच्यात जाऊन बसतो.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेलं दामिनी नावाचं फुकट ॲप आहे. आपल्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या घेऱ्यात विजा पडत असतील तर ते सांगतं. रेंज नसेल तर कान आहेतच. लखलखाट आणि आवाज यांच्यामधले सेकंद मोजायचे, तिनाने भागायचं, तितके किलोमीटर. आकडा दहाच्या आत आला की खेळ आवरायचा, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर पुढचा अर्धा तास बाहेर पाय टाकायचा नाही.

दुसरा मुद्दा नदीचा, आणि इथे माझा खरोखर तोल जातो. "पाऊस नसेल तर पाणी वाढत नाही" हे वाक्य इंदूरच्या माणसाने फॉरवर्ड करावं? पाताळपाणी विसरलात? १७ जुलै २०११. महूजवळचा तो धबधबा, सहलीला आलेलं कुटुंब, बघताबघता चढलेलं पाणी, मधल्या खडकावर एकमेकांना धरून उभे असलेले पाच जण. काठावर माणसं होती, मोबाइल होते, ओरडा होता, मदत पोचेना. पाचापैकी तिघे गेले. तो व्हिडिओ तेव्हा देशभर टीव्हीवर दिवसदिवस दाखवला. ही नदी म्हणजे चोरल, जिच्या काठी आमच्या भाच्याला मुक्काम ठोकायचा आहे. माळव्याचं पठार तिथे संपतं आणि सगळं पाणी एकदम घाटात उतरतं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पठारावर तासभर आधी काय कोसळलंय ते खाली कळत नाही. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत येऊ लागला, आवाज बदलला, की फोटो सोडून वर चढायचं. अंधारात गाडीत झोपलेल्याला यातलं काही दिसत नाही.

आणि पावसाळाच लागतो असंही नाही. ७ एप्रिल २००५, भूतडी अमावास्या, देवास जिल्ह्यातल्या धाराजीला नर्मदेवर जत्रा. भर उन्हाळा. वरच्या इंदिरा सागर धरणातून पाणी सुटलं आणि पात्रात उतरलेले भाविक वाहून गेले. पन्नासांहून अधिक जीव गेले. महेश्वरलाही वर धरणं आहेत. घाटावर पायऱ्यांशी बसा, अहिल्याबाईंचा वाडा बघा, पण वाळूत गाडी उतरवून रात्र काढू नका. भोंगा वाजल्यावर चार टनांची गाडी वाळूतून काढायला किती वेळ लागतो ते आधी एकदा दिवसा करून बघा.

त्या चार टनांचा हिशोबही करून टाकू. गाडीचा तळ समजा सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद, म्हणजे बारा चौरस मीटर. पाणी तळाच्या वर दहा सेंटिमीटर चढलं की गाडीने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकी, म्हणजे एक टन दोनशे किलोने, ती हलकी होते. पस्तीस सेंटिमीटरला चार टन संपले, गाडी तरंगायला लागली. टायरांची पकड तर त्याच्या कितीतरी आधी सुटते, बाकीचं काम प्रवाह करतो. अमेरिकेतलं हवामान खातं फूटभर वाहत्या पाण्याला छोट्या मोटारींसाठी आणि दोन फुटांना बहुतेक सगळ्याच गाड्यांसाठी धोक्याचं मानतं. पुलावरून पाणी चाललंय आणि पलीकडे धाब्याचे दिवे दिसताहेत, अशा वेळी "आपली गाडी जड आहे" हा विचार मनात आला तर आर्किमिडीजला स्मरून मागे फिरा.

जाताजाता काळ्या मातीबद्दल, मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. माळव्यात रस्ता सोडून शेताच्या कडेला जड गाडी लावायची आणि रात्री पाऊस झाला, की सकाळी चाकं निम्मी आत. जॅक लावला तर जॅकच खाली जातो. मग ट्रॅक्टरवाल्याची मनधरणी, आणि तो त्या दिवशी जे मागेल ते. गाडी मुरूम, डांबर किंवा काँक्रीटवरच लावायची, तोंड बाहेर निघायच्या वाटेकडे करून.

शेगडी आणि जनरेटरच्या सल्ल्यावर खरं तर गुन्हा दाखल व्हायला हवा. बंद जागेत कोळसा, गॅस किंवा इंजिन जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, माणसाला वाटतं प्रवासाचा शीण आहे, तो झोपतो आणि उठत नाही. जनरेटर गाडीपासून लांब, वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला, धुराचं तोंड पलीकडे. पाऊस पडत असेल तर बंद, पंख्याविना झोपा. इंजिन चालू ठेवून एसीत रात्र काढायची नाही. छताचा व्हेंट थोडा उघडा राहिला आणि चार थेंब आत आले तर पांघरूण ओलं होईल, इतकंच.

सीझनचं गणित कुठून आलं ते उघड आहे. कुणीतरी अमेरिकेतला लेख उचलून मराठीत ओतला आहे. तिथल्या मैदानी भागात टॉर्नेडोंचा जोर एप्रिल ते जूनमध्ये असतो, शाळांची सुट्टी जून ते ऑगस्ट, म्हणून तिथे "उन्हाळ्यात निघा". आपल्याकडे जूनच्या मध्यानंतर पाऊस इंदूर गाठतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये धो-धो कोसळतो. मोटरहोमला ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा. त्यातही मावठ्याची आणि फेब्रुवारीपासून गारपिटीची शक्यता धरायची. गारांनी छतावरचं सोलर पॅनेल आणि प्लास्टिकची झरोका-खिडकी फुटते. मेमध्ये ती गाडी म्हणजे भट्टी. दीव-सोमनाथकडे जाणाऱ्यांनी मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रावर डोळा ठेवायचा. तौक्ते (मे २०२१) आणि बिपरजॉय (जून २०२३) ही चक्रीवादळं गुजरातलाच धडकली होती.

टॉर्नेडोत पुलाखाली थांबण्याचा सल्ला तर त्याच्या मायदेशातही खोटा ठरला आहे. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात पुलांखाली आसऱ्याला गेलेली माणसं मेली, आणि तिथलं हवामान खातं तेव्हापासून असं करू नका म्हणून सांगत आलंय. आपल्याला त्यातून घ्यायचं ते इतकंच की, उंच आणि चपट्या बाजूंची गाडी आडव्या वाऱ्याला भिते. भेरूघाटात किंवा मानपूरच्या उतारावर वारा सुटला तर वेग कमी करा, जागा मिळाली तर थांबा.

राहिला यलो अलर्ट. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. २४ तासांत ११५.६ मिलिमीटरपासून वर "अतिजोरदार" आणि २०४.५ पासून "अत्यंत मुसळधार" पाऊस हवामान खातं मोजतं. आणि अंदाज नुसता मुक्कामाच्या गावाचा बघून भागत नाही, नदी जिथून येते त्या जिल्ह्याचाही बघावा लागतो.

एवढं असूनही माणसं लाल अलर्टमध्ये निघतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा अडकलेला ॲडव्हान्स असतं. ताईच्या गुडघ्यांना तंबूपेक्षा मोटरहोमचा पलंग आणि स्वतःचं संडास बरं, हे मला कबूल आहे. जाऊच नका असं मी म्हणत नाही. पण भाच्याने पैसे भरण्याआधी भाडेवाल्याकडून हे लिहून घ्यावं: नारिंगी किंवा लाल अलर्ट आला तर तारीख बदलून मिळेल का, बॉडी कशाची आहे, आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू स्थितीत आहे का. पहिल्या प्रश्नाला नाही म्हणाला तर दुसरा भाडेवाला बघायचा.