फॉन्टची कटकट

सेक्रेटरीकाकांची वर्ड फाइल आली की माझं डोकं उठतं. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचं इतिवृत्त त्यांच्याकडे दोन पानांत बसतं. माझ्या उबुंटूवर (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली) सह्यांची जागा घसरून तिसऱ्या पानावर! मायक्रोसॉफ्टचे एरियल, टाइम्स न्यू रोमन हे फॉन्ट १९९६ पासून वेबसाठी फुकट वाटले गेले, पण मूळ रूपातच वाटायचे ही परवान्यातली अट. म्हणून उबुंटूसोबत येत नाहीत, इन्स्टॉलर वेगळा घ्या. मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, परवान्याचं पुराण. माऊस चालत नाही, टॅब दाबून ‘ओके’वर जायचं, आणि पुढच्या प्रश्नाला ‘नो’ गेलं की मुसळ केरात. एवढं करून काकांचा इंग्रजी फॉन्ट कॅलिब्री त्यात नाहीच! त्याच्या जागी कार्लिटो, अक्षरांची रुंदी तेवढीच, त्यामुळे इंग्रजी निभावतं. पण काका मराठीला मंगल वापरतात आणि तो या गाठोड्यात कधीच नव्हता. त्याऐवजी लोहित किंवा नोटो आला की ओळी हलतात, तक्ते फुगतात. थकबाकीचा तक्ता तर बघवत नाही. (थकबाकीही बघवत नाही, पण तो विषय वेगळा.)

काका म्हणतात, “अरे, विंडोज टाक ना सरळ!” पीडीएफ पाठवा म्हटलं, तर “मग दुरुस्त्या कशा करशील?”