शुक्रवारी पाया पडणे

"लेट्स टच बेस ऑन फ्रायडे," सिनसिनाटीचा साहेब फोनवर म्हणाला आणि मी वहीत नोंद केली : शुक्रवारी पाया पडणे.

बेस म्हणजे पाया, टच म्हणजे हात लावणे. बार्शीच्या मराठी शाळेतून आलेल्या माणसाने याचा दुसरा कुठला अर्थ काढावा? शंका होती ती एवढीच, की कोणी कोणाच्या पडायचं. मग म्हटलं, बिलं ते भरतात, तेव्हा वाकायचं आपणच. फक्त व्हिडिओ कॉलवर हे जमवायचं कसं, ते कळेना.

साहेब अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. त्यांच्या कंपनीचं सॉफ्टवेअर आम्ही हिंजवडीत बसून सांभाळतो. रोज संध्याकाळी साडेसहाला कॉल, तेव्हा त्यांच्याकडे सकाळचे नऊ. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, मग आमचा कॉल साडेसातला आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी पोचायला दहा. आपसांत आम्ही त्याला 'सिनसिनाटीकर' म्हणायचो. माणूस सज्जन. सावकाश बोलायचा, उच्चार स्वच्छ. एकेक शब्द कळायचा. कळायचं नाही ते वाक्य.

पाया पडण्याचा खुलासा शेजारच्या टेबलावरच्या मित्राने केला. तो वर्षभर अमेरिकेत राहून आलेला, म्हणून आमच्यात त्याला शास्त्र्यांचा मान. "अरे, बेसबॉल! धावणाऱ्याने बेसला पाय टेकवायचा. म्हणजे भेटू, जरा बोलून घेऊ." त्या खेळात चार बेस असतात, एकापासून पुढचा नव्वद फुटांवर. अमेरिकन माणूस इंग्रजी बोलतोय असं आपल्याला वाटतं तेव्हा तो निम्मा वेळ बेसबॉल बोलत असतो. काही अनपेक्षित घडलं की 'कर्व्हबॉल'. ते कुठून उपटलं हे कळेना की 'आउट ऑफ लेफ्ट फील्ड'. त्यातून हा सिनसिनाटीचा. १८६९ साली सगळेच्या सगळे खेळाडू उघडपणे पगारी ठेवणारा पहिला बेसबॉल संघ त्याच गावचा. कोल्हापूरच्या माणसाने कुस्तीचा शब्द न काढता बोलावं, अशी अपेक्षा करण्यासारखंच ते.

एकदा त्याने एका कामाला किती तास लागतील ते विचारलं. "जस्ट अ बॉलपार्क फिगर." शास्त्री नेमके रजेवर. बॉल म्हणजे चेंडू, पार्क म्हणजे बाग. आमच्या गल्लीत चेंडू बागेत गेला की परत मिळायचा नाही, मालक ठेवून घ्यायचे. तेव्हा बुडालेले तास धरून पै-पैचा हिशोब मागतोय असं मी समजलो आणि तीन दिवस खपून आकडा पाठवला : ४१७ तास ३० मिनिटं. त्याला हवं होतं अंदाजपंचे दाहोदरसे. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान, आकडा त्या मैदानात कुठेही पडला तरी चालतो. "सो, अराउंड फोर हंड्रेड," तो म्हणाला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळला. माझे साडेसतरा तास कुठे गेले ते मी विचारलं नाही.

अर्थ काय, आज ना उद्या कळतो. माझं दुखणं वेगळंच आहे. मला आधी चित्र दिसतं आणि मग ते पुसलं जात नाही. "देअर इज ॲन एलिफंट इन द रूम," असं तो म्हणाला तेव्हा विषय होता वाढलेल्या खर्चाचा, जो सगळ्यांना माहीत होता आणि कोणी काढत नव्हतं. मला मात्र आमच्या चार खुर्च्यांच्या मीटिंग रूममध्ये हत्ती दिसत होता. दार आत उघडणारं, त्यामुळे हत्ती बाहेर निघायचा तर आधी दाराकडून सरकायला हवा, सरकायला जागा नाही, आणि खालून आलेला सिक्युरिटीवाला त्याच्याकडे ओळखपत्र मागतोय. या गडबडीत माझ्या नावावर दोन कामं लागली. 'लो हँगिंग फ्रूट'चंही तेच. आमच्या वस्तीवर खाली लोंबणारे पेरू शेळ्या खातात. सोपी कामं आधी उरकू या, एवढंच त्याला म्हणायचं होतं, पण मला आमची टीम मॅनेजरसकट बांधावर चरताना दिसली.

इंग्रजीचे वाक्प्रचार मला येत नव्हते असं मुळीच नाही. दहावीला सरांनी पन्नास पाठ करून घेतले होते, गाळलेल्या जागा भरायला. त्यातला 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' मी वीस वर्षं जपून ठेवला होता. जुलैत एका संध्याकाळी हिंजवडीत पाऊस कोसळत होता. सिनसिनाटीकराने हवा कशी आहे विचारलं आणि मी नाणं बाहेर काढलं. तो मनापासून हसला. म्हणाला, माझी आजी असं म्हणते! नाणं खरं होतं, पण आता वापरातून गेलेलं. वाईट म्हणजे महिन्याभराने त्या आजी वारल्या. मी शोकसंदेश लिहायला घेतला. पन्नासांच्या यादीत मरणासाठी एकच वाक्प्रचार होता, 'किक द बकेट'. आदरार्थी होण्यासाठी त्याच्याआधी 'काइंडली' घातलं. सेंड दाबणार इतक्यात शास्त्र्यांनी मनगट धरलं. गप्पा मारताना कोणी बादलीला लाथ मारली तर चालतं, पण आजींनी नाही, एवढं त्या दिवशी शिकलो.

मध्यंतरी लंडनचं ऑफिसही कॉलवर यायला लागलं. मला वाटलं, बरं झालं, इंग्रजीच्या माहेरची माणसं आली. पहिल्याच दिवशी सिनसिनाटीकर एका विषयावर म्हणाला, "लेट्स टेबल इट." लंडनच्या बाईंनी "लव्हली" म्हणून लगेच तोच विषय उघडला. अमेरिकेत टेबल करणं म्हणजे विषय बाजूला ठेवणं आणि इंग्लंडात टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं. पाच मिनिटं दोघंही अतिशय सभ्यपणे एकमेकांवर चिडत होते. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांची याच एका शब्दावरून मोठी वादावादी झाली होती, आणि शेवटी दोघांना एकच हवं होतं असं निघालं, हे चर्चिलने लिहून ठेवलंय. हिटलर समोर असताना ज्यांचं जमलं नाही त्यांचं इतिवृत्त मी लिहिणार होतो. मी लिहिलं, 'विषय टेबलवर आहे.' दोन्हीकडून थँक यू आलं.

एका बाबतीत मात्र मी वरचढ ठरलो. २०२३च्या ऑगस्टमध्ये सर्व्हर बंद पडला. "हे वन्स इन अ ब्लू मून होतं," म्हणजे क्वचितच घडणारं, सिनसिनाटीकर म्हणाला, "आणि या महिन्यात खरंच ब्लू मून आहे!" एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला म्हणे ब्लू मून म्हणतात. मी घरी कॅलेंडर पाहिलं. पहिली पौर्णिमा १ ऑगस्टला, अधिक श्रावणातली. दुसरी ३० तारखेला सकाळपासून ३१ला सकाळपर्यंत, निज श्रावणातली. म्हणजे यांचा निळा चांद तो हा होय, आमचा धोंड्याचा महिना! एकोणीस वर्षांत सात अधिक मास येतात, आणि त्यांचे ब्लू मूनही जवळजवळ तेवढेच. चंद्राचा तोच जादाचा फेरा त्यांनी पौर्णिमेत धरला, आपण महिन्यात. दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, आमच्याकडे या काळात जावयाला बोलावून तेहतीस अनारसे देतात. बराच वेळ तो बोलला नाही. मग त्याने विचारलं, लग्न कोणत्या महिन्यात केलेलं चालतं? त्या सर्व्हरबद्दल पुन्हा कोणी काही विचारलं नाही.

तो फेरा डोक्यात गेला आणि मी आपणहून बोलायला लागलो. प्रथम क्रिकेट काढलं. "वी आर ऑन अ स्टिकी विकेट," म्हणजे अडचणीत आहोत, असं म्हटलं तर लंडनच्या बाई हळहळल्या आणि सिनसिनाटीकराने आयटी विभागाला तक्रारीचं तिकीट टाकलं. मग दिवाळीच्या शनिवार-रविवारी मोठं अपग्रेड आलं. त्याला काळजी, सुट्टीत तुमच्याकडे लक्ष कोण ठेवणार? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "डोन्ट वरी. वी विल वॉच द सर्व्हर विथ ऑइल इन अवर आइज."

मराठीत हे मी हजारदा म्हटलं असेल. कधी बाटली दिसली नव्हती. त्या क्षणी गोडेतेलाची पिशवी, ड्रॉपर आणि माना मागे टाकून रांगेत बसलेले आम्ही सहा जण, सगळं लख्ख दिसलं. त्यालाही दिसलं असावं. तासाभरात मेल आला : हे स्वेच्छेने आहे ना, आणि डॉक्टरांना विचारलं आहे का? मी दोन परिच्छेद खुलासा पाठवला. त्याला तो फारच आवडला.

परवा आमच्याकडे नवा मुलगा लागला, उदगीरचा, मराठी माध्यमाचा. पहिल्या कॉलला माझ्या शेजारी वही उघडून बसला होता. सिनसिनाटीकर शेवटी म्हणाला, "ओके टीम, बिग वीकेंड. ऑइल इन द आइज!" पलीकडून चार-पाच अमेरिकन आवाजांनी "ऑइल इन द आइज" म्हणून साथ दिली आणि फोन बंद झाला.

पोराने ते लिहून घेतलं, खाली रेघ मारली, मोबाइलवर काहीतरी शोधलं, नाद सोडला.

"सर, याचा अर्थ कुठेच सापडत नाही."

मी लॅपटॉप मिटला. "अमेरिकन आहे," म्हटलं, "बेसबॉलमधून आलंय."