खुलासा: अमेरिकेतलं ‘क्यू’ म्हणजे ग्रिलवरचं काहीही नव्हे

अमेरिकेत ग्रिलवर भाजलेल्या कुठल्याही पदार्थाला ‘क्यू’ किंवा ‘बार्बी’ म्हणतात, असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ‘बार्बी’ ऑस्ट्रेलियातला शब्द. ‘क्यू’ हे बार्बेक्यूचं लघुरूप खरं, पण दक्षिणेकडच्या राज्यांतले जाणकार ते लाकडाच्या धगीवर, धुरात सावकाश शिजलेल्या मांसालाच लावतात. पूर्व नॉर्थ कॅरोलायनात तर डुकराचंच मांस, सोबत व्हिनेगर-मिरचीचा पातळ सॉस. टेक्सासचं ब्रिस्केट, म्हणजे गाय-बैलाच्या छातीचं मांस, साधारण ११० ते १२० अंश सेल्सियसला दहा-बारा तास ठेवतात. मांसाचं आतलं तापमान ७० अंशांच्या आसपास तासन्‌तास अडतं, कारण मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी उडताना उष्णता खेचून घेतं. इथेच घाई नडते. ९५ अंशांपर्यंत थांबा. तोवर कोलॅजेन, म्हणजे मांसातलं चिवट प्रथिन, विरघळतं, नाहीतर मांस चिवट राहतं. गॅस ग्रिलवरचे ‘डॉग्ज’, म्हणजे हॉट डॉग, आणि ‘ब्राट्स’, म्हणजे ब्राटवुर्स्ट हे जर्मन धाटणीचे सॉसेज, हा साधा कुकआउट, म्हणजे उघड्यावरचा जेवणाचा बेत.