ढेप तोडून गाय फळत नाही

आमच्या आर्वीकडच्या दूधवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. तुमच्याकडेही आला असेल. त्याचं म्हणणं असं : जास्त दूध देणाऱ्या गाईची सगळी ताकद दुधात जाते, म्हणून ती उलटते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही, तिला दगडी (कासेचा दाह) होते, तीन वेतांत ती संपते. तेव्हा ढेप, म्हणजे पेंड, कमी करा, दूध कमी होईल आणि गाय आपोआप गाभण राहील. परवा शेजारच्या एका भावानं हे वाचून, व्यायला चाळीस दिवसही न झालेल्या गाईची सरकी ढेप निम्मी केली. म्हणून लिहायला बसलो.

ताकद दुधात जाते, हे अर्धं खरं आहे. व्याल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांत दूध सगळ्यात जास्त असतं. पण गाईची भूक पूर्ण उघडायला दहा ते चौदा आठवडे लागतात. मधली तूट ती स्वतःच्या अंगातून भरते. चरबी वितळते, पाठ उघडी पडते. घरात दाणा नाही हे शरीराला कळतं आणि बीजांडकोश गप्प बसतो. माज अडतो तो या तुटीमुळे. आता या दिवसांत ढेप तोडली तर काय होईल? गाय लगेच दूध तोडत नाही, आधी अंग तोडते. तूट आणखी वाढते.

आमच्याच कोठ्यात हे झालंय. पहिली जर्सी संकरित गाय, चौदा लिटरची. दोन महिने झाले तरी माज नाही, तेव्हा बाबा म्हणाले, “दुधानंच खाल्लं तिले, ढेप कमी कर.” केली. महिनाभरात दूध नवावर आलं. पण शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना असे खड्डे पडले की त्यात मूठ बसावी. बरगड्या लांबून मोजता यायच्या. पाच महिने तिनं माज दाखवला नाही. सुई मारा, असा माझा हट्ट होता. डॉक्टरांनी आधी गव्हाण पाहिली. त्यात सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा), वरून मूठभर ढेप. कुटारानं पोट भरतं, तूट भरत नाही. त्यांनी हिशोब घालून दिला : अंग राखायला दीड किलो खुराक, शिवाय दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, हिरवा चारा आणि रोज पन्नास ग्रॅम क्षारमिश्रण. खुराक एकदम नाही, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचा, नाहीतर पोट बिघडतं. खड्डे भरत आले, तशी ती माजावर आली. दूधही वाढलं होतं.

दूधच कारण असतं, तर दोन-तीन लिटर देणाऱ्या गाई दरवर्षी व्यायला हव्यात. आमच्या गावात उन्हाळाभर नुसत्या कडब्यावर राहिलेल्या अशा गाई दीड-दोन वर्षांनी वितात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला की त्यांचाही माज दबतो.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मी खोडणार नाही. अमेरिकेत कित्येक दशकं केवळ दूध पाहून वळू निवडले, आणि होल्स्टीन गाईंची गर्भधारणा खरंच घसरली. दूध आणि फळणं यांचं रक्तातच थोडं वैर आहे. पण पुढचंही सांगा ना! २००३ मध्ये तिथे वळूच्या मुली किती लवकर गाभण राहतात हेही निवडीत धरलं जाऊ लागलं. घसरण थांबली, आणि दूध वाढतच राहिलं. नॉर्वेनं तर १९७० च्या दशकातच फळणं आणि कासेचं आरोग्य निवडीत घेतलं होतं. म्हणून कांडी भरताना, म्हणजे कृत्रिम रेतन करताना, वळूच्या आईचं दूध विचारता, तसं त्याच्या मुलींचं फळणंही विचारा.

दुसरं खरं असं की, भरपूर दुधाच्या गाईचा माज आखूड असतो. चाळीस लिटरच्या गाईत तो सहा-सात तासांवर येतो. आपल्या गाई त्या पंक्तीतल्या नाहीत, पण आपल्याकडे ऊन आहे, आणि उन्हाळ्यात माज बहुधा रात्री नाहीतर पहाटे दिसतो. सकाळी नऊला सोट (माजाचा चिकट स्राव) शोधणाऱ्याला गाय मुकीच वाटणार. आपण चुकवलेला माज दुधाच्या नावावर लिहू नका.

दगडीचं थोडक्यात. जंतू सडाच्या तोंडातून आत जातो. धार काढल्यावर ते तोंड अर्धा तास तरी उघडं असतं. तेव्हा गाय शेणात बसू नये म्हणून चारा धार काढल्यानंतर टाका. सड औषधात बुडवा. तीन वेतांत संपणाऱ्या गाई मीही पाहिल्यात. दावणीवरून बाजारात गेल्या तेव्हा बहुतेकींच्या शेपटीशी तेच खड्डे होते.

शेजारच्या भावाला काल घेऊन गेलो. गाईच्या मागे उभं करून त्याचीच बोटं शेपटीच्या मुळाशी टेकवली. तो काही बोलला नाही. संध्याकाळी त्यानं अर्धा किलो ढेप वाढवली, पुढची परवा वाढवणार आहे. गाय व्याल्याची तारीख त्यानं कोठ्याच्या दारावर खडूनं लिहिली आहे, आणि पहाटे चारचा गजर लावलाय.