सोसायटीत कुणाला सांगू नकोस

नोकरी गेली की आपल्या घरांत सगळ्यात आधी एक ठराव पास होतो: बाहेर कुणाला कळता कामा नये. मग डबा रोजच्या वेळी भरला जातो. माणूस बॅग लावून निघतो, नेहमीची लोकल पकडतो आणि दिवसभर कुठल्या तरी मॉलमध्ये नाहीतर मित्राच्या गाळ्यावर बसून राहतो. आईला सांगायचं नाही, तिचं बीपी वाढेल. मुलाला सांगायचं नाही, दहावीचं वर्ष आहे.

मला विचाराल तर पगार थांबण्याइतकंच हे लपवणं घराला पोखरतं. मुलांना कळत नाही, हा तर निव्वळ भ्रम. क्लासची फी मागताना पोरगं घुटमळतं, सहलीला जायचंच नाही असं आपणहून सांगतं. काहीतरी बिनसलंय हे त्याला कळलेलं असतं, फक्त काय ते कुणी सांगत नाही. मग ते आपल्या मनानेच काहीबाही ठरवतं, आईबाबा वेगळे होणार इथपर्यंत.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. लालबाग-परळमध्ये मुलांच्या शाळा सुटल्या, बायकांनी दागिने मोडले, खानावळी चालवल्या, धुणीभांडी धरली. त्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्यांचा मला रागच येतो. पण अख्ख्या चाळीवर एकदम वेळ आली होती, त्यामुळे निदान तोंड लपवावं लागत नव्हतं. आज एकाच मजल्यावर दोघांच्या नोकऱ्या गेलेल्या असतात आणि दोघंही लिफ्टमध्ये "वर्क फ्रॉम होम चालू आहे" म्हणत असतात.

सरकारी आधार म्हणाल, तर रोजगार हमी ग्रामीण भागापुरती. ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा महामंडळाची, अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आहे. तिच्यात रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम मिळते, तीही जास्तीत जास्त ९० दिवस. पण ईएसआयसीची पगारमर्यादाच २१,००० रुपये. तीस-पस्तीस हजार पगार आणि डोंबिवलीच्या वन बीएचकेचा हप्ता, असा माणूस त्यात बसतच नाही. वर नोकरीबरोबर कंपनीचा मेडिक्लेमही जातो, म्हणजे म्हातारे आईवडील उघडे पडतात. (ती ग्रुप पॉलिसी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागता येते. नोकरी सोडायच्या आधीच एचआरला विचारा, नंतर कुणी फोन उचलत नाही.)

आणि हे सगळं पुरुषाबद्दल. बाईची नोकरी गेली तर तिला कुणी बेकार म्हणतसुद्धा नाही. "बरं झालं, आता मुलांकडे लक्ष देता येईल," एवढंच. दुसऱ्या दिवसापासून पोळ्यांची बाई बंद, पाळणाघर बंद, सासऱ्यांच्या दवाखान्याच्या खेपा तिच्याकडे. तिने नवीन नोकरी शोधायची कधी, मुलाखतीची तयारी करायची कधी? कर्जाचा अर्धा हप्ता तिच्या पगारातून जात होता, हे त्या "बरं झालं" म्हणणाऱ्यांपैकी एकालाही सुचलेलं मी अजून पाहिलेलं नाही.