‘स्पोर्ट्स कार’ म्हणालो ते मागे घेतो, पण अर्धंच

नमस्कार,

‘धरमपेठेतला एक वाचक’ अशी सही करून तुम्ही प्रतिक्रिया टाकलीत. ती वाचून त्याच रात्री मी एक उत्तर लिहिलं होतं. सकाळी चहा पिताना परत वाचलं आणि खोडलं. हे दुसरं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘आमच्या घरची स्पोर्ट्स कार’ या नावाखाली मी लिहिलं होतं की १९६६ची, दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड आम्ही नागपूरजवळच्या काटोलकडून आणली, दोन वर्षं खपून चालती केली आणि घरची पाचही माणसं तिच्यातून रामटेकला जाऊन आलो. त्यावर तुमचं म्हणणं असं की हेरल्डला स्पोर्ट्स कार म्हणणं ही शुद्ध फेकाफेक आहे. एवढ्या पैशात मुलीच्या शिक्षणाची सोय झाली असती. आजच्या काळात असला धूर सोडणारा डबा फिरवणं बेजबाबदारपणाचं आहे. आणि शेवटी: “वळणावर मागची चाकं दुमडणाऱ्या, सीटचे पट्टे नसलेल्या गाडीत तुम्ही पोरं बसवता. आमच्या काकांची हेरल्ड दोनदा शेतात गेली होती. तुम्हाला हे कोणी सांगितलं नाही का?”

हा शेवटचा प्रश्न मला जड जाणार आहे, म्हणून सोपे आधी उरकतो.

नावाचं घ्या. ट्रायम्फ कंपनीची हेरल्ड १९५९ साली इंग्लंडात आली ती साध्या कुटुंबाची गाडी म्हणूनच. इंजिन ९४८ सीसी, ताकद पस्तीस हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे आपल्या मारुती ८००च्या पंगतीत बसणारी. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१पासून ती इथे बनवली, तीही डॉक्टर-वकिलांच्या घरासाठी, शर्यतीसाठी नव्हे. तेव्हा लेखाच्या नावात मी शेखी मिरवली, हे कबूल.

पण अर्धंच कबूल. हेरल्डचा आकार काढला इटलीच्या जोव्हानी मिकेलॉटीनं. १९६२ साली ट्रायम्फनं हेरल्डचीच चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड केली आणि तिच्यावर मिकेलॉटीकडूनच काढून घेतलेली दोन सीटांची, उघड्या टपाची स्पिटफायर उभी केली. तिला स्पोर्ट्स कार म्हणायला तुमचीही हरकत नसावी. पुढच्या चाकाला धरून ठेवणारा ट्रायम्फचा उभा खांब तर लोटस कंपनीनं आपल्या एलान या स्पोर्ट्स कारलाही लावला. म्हणजे आमची बाई स्वतः नाचणारी नसेल, पण नाचणाऱ्यांच्या घराण्यातली आहे. या नात्याचा मला पुढे किती उपयोग झाला ते खाली येईलच.

आणि एक गोष्ट मूळ लेखात सांगायची राहिली, ती इथेच सांगतो, कारण लेखात गाडीला ‘खेळणं’ हा शब्द मी का वापरला ते तिच्यावरून कळेल. हेरल्ड आखली जात होती तेव्हा अखंड बॉडीच्या गाड्यांचे दिवस सुरू झाले होते. पण ट्रायम्फला तशी बॉडी करून देणारा कारखानाच मिळेना. फिशर अँड लडलो ही बॉडी बनवणारी कंपनी बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेली होती. मग त्यांनी जुन्या वळणाची वेगळी चेसिस घेतली आणि वरची बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टवर कसली. साहेबाची अडचण ती आमची चैन झाली. लक्ष्मीनगरातल्या आमच्या पोर्चमध्ये, एक पान्यांचा संच आणि एक जॅक एवढ्या भांडवलावर, आम्ही आख्खी गाडी मोकळी करून भिंतीला टेकवून ठेवली होती. बोनेट उघडायचं तर मडगार्डांसकट सगळं तोंडच पुढे उलटतं. माझा आठ वर्षांचा मुलगा पुढच्या टायरवर पाट असल्यासारखा बसतो आणि इंजिनाकडे बघत पोहे खातो. (तर्री सांडली तर पुसायचं काम त्याचं, असा नियम आहे.) आजच्या गाडीचं बोनेट उघडलं की काळ्या प्लास्टिकचं एक झाकण दिसतं. त्याच्याशी कोण खेळणार?

आता पैसे. तुम्ही अंदाजानं पाच लाख लिहिलेत. घरात या गाडीची वेगळी वही आहे आणि ती बायको ठेवते, त्यामुळे आकडा लपवायची सोय नाही. गाडी १,३५,०००ला पडली. गोठ्यात होती, मागच्या सीटवर कोंबड्या बसायच्या. मालक म्हणाले, “घेऊन जा भाऊ, कोंबड्याइले दुसरी जागा पाहून देऊ.” पुढे पत्रा, रंग, इंजिनाचं बोअरिंग, क्लच, टायर, वायरिंग मिळून आणखी २,१४,००० गेले. सर्वात जास्त खाल्लं पत्र्यानं. पुट्टी खरवडली तेव्हा खाली पत्रा नव्हताच, नुसती पुट्टीच दार धरून उभी होती. या बेरजेत ३१,००० मिळवा, जे मी लेखात लिहिलेच नव्हते. एकूण ३,८०,०००. विकायला काढली तर यातले निम्मे तरी येतील की नाही, शंका आहे. जुनी गाडी ही गुंतवणूक असते असं तुम्हाला कोणी सांगितलं, तर त्याला आमची वही दाखवा.

मुलीचं शिक्षण वेगळ्या खात्यात आहे आणि त्या खात्याला हात लागलेला नाही. याहून जास्त खुलासा मी करणार नाही. दोन वर्षांत आम्ही कुठे फिरायला गेलो नाही आणि बैठकीतला सोफा अजून तोच आहे. त्यावर तुम्ही घरी येऊन बसलात तर तुमच्या लक्षात येईलच.

धुराबद्दल: नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था ज्या शहरात आहे तिथे राहून हवेबद्दल बेफिकीर असणं शोभत नाही, हे पटतं. मी रोज कामाला मेट्रोनं लोकमान्य नगरपर्यंत जातो आणि तिथून पुढे हिंगण्याला कंपनीच्या बसनं. हेरल्ड वर्षभरात हजार-अकराशे किलोमीटर फिरली, साधारण नव्वद लिटर पेट्रोल. केंद्राच्या २०२१च्या नियमात पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची सोय आहे. वीस हजार फी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं आणि रोजच्या वापराला मनाई. माझी अजून जुन्याच नंबरावर आहे, पण मनाई मी आधीपासूनच पाळतो. खरं तर मला धुरापेक्षा ई-२०ची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, डोकेदुखी जास्त. इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा खातं, हवेतलं पाणी ओढून टाकीला गंज चढवतं. त्यात ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या हिशेबात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन तापतं. नळ्या बदलल्या, सोलेक्स कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक माप मोठा केला. तरी एप्रिलच्या दुपारी वर्धा रोडच्या सिग्नलवर पेट्रोलची नळीतच वाफ झाली आणि गाडी बसली ती बसलीच. पंपावर ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं उभे होतो. पंचेचाळीस डिग्रीत माणसांनाच कूलर लागतो, तिथे तिला काय बोलायचं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न.

काकांची गाडी शेतात का गेली ते मला माहीत आहे आणि तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. हेरल्डच्या मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे, पण ते फार कंजूषपणानं केलेलं. डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) चेसिसला घट्ट, त्याच्यावर एक आडवी कमान, आणि दोन्हीकडचे अर्धे एक्सल फक्त आतल्या टोकाला हलणारे. गाडीचं बूड उचललं गेलं की चाकं उभी राहत नाहीत, खालून आत सरकतात. वळणात वेग जास्त झाला म्हणून घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की नेमकं तेच होतं. बाहेरचं चाक पोटाखाली जातं आणि गाडी मागून फिरते. काका बहुधा घाबरले असतील, आणि कोणीही घाबरेल. आपल्याकडच्या मेकॅनिकांनाही हे प्रकरण कधी आवडलं नाही. म्हणूनच १९७२च्या स्टँडर्ड गॅझेलमध्ये कंपनीनं ते काढून साधं अखंड एक्सल टाकलं. म्हणजे काकांची तक्रार कंपनीनं मान्य केली, फक्त दहा वर्षं उशिरा.

यावर उपाय आहे आणि तो चालवणाऱ्याच्या पायात आहे. वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि वळणात पाय स्थिर ठेवायचा. रामटेकच्या गडावरून उतरताना मी ते केलं. त्याबद्दल लेखात दोन परिच्छेद लिहिले, आणि ते लिहिताना स्वतःवर खूश होतो, हे आता वाचताना कळतं.

जे लिहिलं नाही ते असं. त्या संध्याकाळी परत आलो. गल्लीतून गेटमध्ये वळवताना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं. पंचवीस फुटांत वळणारी गाडी, मला तिचं ते वळणं फार आवडतं. आणि खालून काडकन आवाज आला. पुढचं डावं चाक लंगड्या माणसाच्या पायासारखं आडवं पडलं. वेग ताशी तीन किलोमीटर असेल. कोणाला खरचटलंही नाही. मुलगा हसला. पण तासाभरापूर्वी आम्ही कामठीच्या अलीकडे साठनं येत होतो, बाजूला ट्रक होते, आणि मागे दोन्ही पोरांच्या मध्ये माझी आई बसली होती. त्या रात्री मी जेवलो नाही.

झालं होतं काय, तर वर ज्याचं कौतुक केलं तोच पुढचा खांब तुटला होता. त्याचं खालचं टोक आट्यांचं असतं आणि ते एका पितळी ठोकळ्यात, ट्रनियनमध्ये, स्क्रूसारखं फिरतं. स्टिअरिंग वळवलं की आटे वळतात. तिथे गिअर ऑइल घालायचं असतं, नव्वद नंबरचं. ग्रीस घातलं की ते घट्ट होऊन वाट बुजवतं, आटे कोरडे पडतात, पाणी शिरतं, गंज धरतो आणि एक दिवस खांब आट्यांपाशी तुटतो. मोमिनपुऱ्यातल्या उस्तादांनी तुटलेला तुकडा बोटानं पुसला आणि विचारलं, “भाऊ, इसमें ग्रीस किसने भर दिया?”

मीच. म्हणजे माझ्या सांगण्यावरून माझ्या तेरा वर्षांच्या मुलीनं. ग्रीस गन तिच्या हातात होती, खाली चटईवर पालथी पडून तिनं चारही निप्पल भरले होते, आणि मी वरून “शाब्बास” म्हणत होतो. पुस्तक घरात होतं. त्यात स्पष्ट लिहिलंय: ऑइल. ते पान मी वाचलं नव्हतं.

लेखात हे का लिहिलं नाही, तर लाज वाटली. आणि दुसरं, खरं कारण असं की तिनं ते वाचलं असतं. तुमची प्रतिक्रिया मात्र तिनं वाचली. मला म्हणाली, “बाबा, हे आजोबा बरोबर बोलतायत, तू त्यांना खरं सांग.” ते ग्रीसचं तिला त्याच दिवशी उस्तादांकडून कळलं होतं. माझ्याशी बोलली नव्हती, इतकंच.

तर ३१,००० रुपये त्याचे आहेत. दोन्ही बाजूंचे खांब आणि ट्रनियन, कस्टम आणि कुरिअर धरून. स्पिटफायरवाल्यांमुळे हा माल इंग्लंडात अजून नवा बनतो, म्हणून मिळाला. नुसत्या भारतीय हेरल्डच्या जिवावर जन्मात मिळाला नसता. बसवून झाला आहे. ऑइल कधी घातलं त्याच्या तारखा आता मुलगी पोर्चच्या भिंतीवर खडूनं लिहिते आणि मला त्या पुसायला मनाई आहे.

पट्ट्यांचं असं की पुढे दोन बसवले. मागचे चेसिसपर्यंत नीट बांधून घ्यायचेत, ते झालेले नाहीत. तोपर्यंत मागे कोणीही बसणार नाही, हे घरात ठरलं आहे, आणि खरं सांगायचं तर ते तुमच्या प्रतिक्रियेनंतर ठरलं. त्यामुळे सध्या बाहेर निघाली की गाडीत मी आणि शेजारी एकजण, बस्स. म्हणजे तूर्त ती दोनच सीटांची आहे. तुमच्या व्याख्येत आता तरी बसते का बघा.

एक विनंती करून थांबतो. काकांची हेरल्ड शेवटी भंगारात गेली असं तुम्ही लिहिलंत, पण जुन्या गाडीचं काही ना काही सामान माळ्यावर राहतंच, हा माझा अनुभव आहे. डाव्या दाराची काच वरखाली करायचं हँडल आम्हाला कुठेच मिळत नाहीये. सध्या तिथे पान्यानं काम चालतं. एखाद्या रविवारी काकूंना विचारून बघाल का?