सगळ्याच मुलांचे दात जन्मतः कच्चे नसतात

एपिडर्मोलायसिस बुलोसा, म्हणजे जरा घासलं तरी त्वचेला फोड येतात तो जन्मजात आजार. या मुलांचे दात मुळातच कमकुवत असतात असं या आजारावरच्या लेखात सरसकट लिहिलंय, ते पटलं नाही. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, जन्मतः खराब असतं ते मुख्यतः या आजाराच्या जंक्शनल प्रकारात. डिस्ट्रॉफिक प्रकारात, म्हणजे त्वचेचे थर धरून ठेवणाऱ्या कोलॅजन ७ या प्रथिनाच्या जीनमध्ये दोष असतो त्यात, इनॅमल सहसा नॉर्मलच असतं. माझ्या भाचीला रिसेसिव्ह डिस्ट्रॉफिक (सदोष जीन आई आणि वडील दोघांकडून आलेला) आहे, तिचे दात किडले ते ब्रश लागला की हिरड्यांना फोड यायचे म्हणून घासणंच कमी झालं, खाणं मऊ आणि दिवसभर थोडं थोडं, त्यात जुन्या जखमांच्या व्रणांनी जीभ खाली चिकटलेली त्यामुळे अडकलेलं अन्न जिभेने निघत नाही आणि तोंड एवढं आक्रसलंय की डेंटिस्टचा आरसासुद्धा नीट आत जात नाही. यातलं बरंच टाळता येतं हो! पहिला दात दिसला की डेंटिस्टला दाखवा, छोट्या डोक्याचा एकदम मऊ ब्रश, फ्लोराइड, तोंड उघडायचे व्यायाम. दातच कच्चे म्हटलं की आईवडील प्रयत्नच सोडून देतात.

आणि अन्ननलिकेबद्दल एक ओळ तरी हवी होती. तिथेही फोड येऊन व्रण होतात, नळी अरुंद होते, घास अडकतो. भाचीचं वजन वाढेना, हिमोग्लोबिन सारखं कमी, तरी घरात सगळे म्हणायचे खायचे नखरे करते. बलूनने नळी रुंद केल्यावर पोरगी जेवायला लागली.